पीयूसी गाडीची करा, कागदाची नको

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी सहाला एक रिक्षा सुरू होते. रात्रभर थंड पडलेले इंजिन लगेच धरत नाही, म्हणून चालक पाच-सात मिनिटे रेस देत बसतो. रिक्षाचे तोंड रस्त्याकडे आणि सायलेन्सर गल्लीकडे. पहिल्या घराचे दार तिथून चार हातांवर आहे. त्या घरात एक आजी आणि तिचा चार वर्षांचा नातू झोपतात. नातवाला गेल्या दोन हिवाळ्यांपासून दम्याचा पंप लागतो. रिक्षा घुरघुरली की आजी उठून दार लावून घेते. खिडकी त्या घराला नाही.

एके दिवशी आजीने चालकाला हटकले, "दादा, जरा पुढं नेऊन चालू कर की रे. पोराला लई खोकला होतो." चालक स्वभावाने चांगला. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि तिला पीयूसी दाखवली. "आजी, गाडी पास आहे. बघा, अजून पाच महिने आहेत." आजीला वाचता येत नाही. ती म्हणाली, "कागद पास असंल बाबा. धूर कुठं पास झालाय?"

ती रिक्षा आमच्यातल्याच एकाची आहे. या आरोग्य पानाचे काम आम्ही चौघे मिळून पाहतो. एकाची रिक्षा, दोघांच्या दुचाकी, आणि चौथी ताई दवाखान्यात नर्स आहे, ती बसने फिरते. आजीचे बोलणे आमच्या सहकाऱ्याने बैठकीत सांगितले, तेव्हा आम्ही एकमेकांना विचारले की आपापली पीयूसी कशी काढली. उत्तर लाजिरवाणे होते. तिघांनीही कधी ना कधी गाडी न तपासता प्रमाणपत्र घेतलेले होते. एकाने तर नंबरप्लेटचा फोटो पाठवला आणि चहा संपायच्या आत प्रमाणपत्र मोबाइलवर आले. गाडी त्या वेळी घराखाली उभी होती.

त्यामुळे हा लेख कुणाकडे बोट दाखवण्यासाठी लिहिलेला नाही. आम्ही स्वतः जे केले ते चुकीचे होते, त्याची किंमत आपल्याच वस्तीतली लहान मुले आणि म्हातारी माणसे मोजतात, आणि हे आपण बंद केले पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. आपण बंद केले, की मग डंपरवाल्या ठेकेदाराला आणि सरकारलाही तोंड वर करून विचारता येईल.

नियम नेमका काय आहे

पीयूसी म्हणजे गाडीचा धूर मर्यादेत असल्याचा दाखला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातल्या नियम ११५ मध्ये हे सगळे सांगितले आहे. नवीन गाडीला पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर प्रत्येक गाडीला लागते. भारत स्टेज ४ आणि भारत स्टेज ६ या मानकांच्या गाड्यांची पीयूसी एक वर्ष चालते, त्याआधीच्या गाड्यांची सहा महिने. भारत स्टेज ६ हे मानक १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला पीयूसी लागत नाही, कारण तिला धुराचे नळकांडेच नाही.

रिक्षा, टॅक्सी, टेम्पो अशा धंद्याच्या गाड्यांना याशिवाय फिटनेस घ्यावे लागते, ज्याला आपण पासिंग म्हणतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पासिंग झाले म्हणजे पीयूसीची गरज नाही, असे पुष्कळ जण समजतात. तसे नाही. दोन्ही वेगवेगळे आहेत आणि दोन्हीच्या तारखा वेगवेगळ्या संपतात.

दंडाचे बोलायचे तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र ठरू शकते. तडजोडीची रक्कम राज्ये आपापली ठरवतात, म्हणून हातात पडणारे चलन यापेक्षा कमी असते. तरी रोज कमावून रोज खाणाऱ्या माणसाला ते एका दिवसाच्या धंद्याहून जड जाते. त्यामानाने दुचाकीची पीयूसी काढायला शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत.

प्रमाणपत्र कागदावरच हवे असे नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या ॲपमधले चालते. पोलिसाने अडवले आणि कागद जवळ नसला, तर घाबरून खिशात हात घालू नका, मोबाइल दाखवा.

नळी आत गेली का?

पीयूसीच्या केंद्रात नेमके काय व्हायला हवे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे, आणि त्याचाच फायदा घेतला जातो. पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या गाडीचे इंजिन आधी गरम असले पाहिजे. मग ते रेस न देता नुसते चालू ठेवतात आणि यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये चांगली आतपर्यंत घालतात. यंत्र दोन गोष्टी मोजते. एक कार्बन मोनॉक्साइड आणि दुसरे हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेले इंधन. डिझेलच्या गाडीला न्यूट्रलमध्ये जोरात रेस देऊन धुराचा काळेपणा मोजतात. हे काम पुन्हा पुन्हा करून पाहायचे असते. नळी अर्धवट लटकत ठेवली, तर धुरात बाहेरची हवा मिसळते आणि कोणतीही गाडी पास होते. नळी घातलीच नाही तर प्रश्नच मिटला.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जुनी गाडी पीयूसीत बसत नाही, म्हणून गरिबाला खोटा कागद घ्यावा लागतो, असे सर्रास म्हटले जाते. आम्हीही असेच म्हणत होतो. पण मर्यादा गाडीच्या वयाप्रमाणे ठरवलेल्या आहेत. भारत स्टेज ४ मानकाच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यापर्यंतच चालतो. सन २००० नंतरच्या, पण भारत स्टेज ४ च्या आधीच्या दुचाकी आणि तीनचाकीला तो ३.५ टक्क्यांपर्यंत चालतो. म्हणजे जुन्या स्कूटरने नव्या मोटारीसारखे स्वच्छ असावे, असे कायदा म्हणतच नाही. त्याने तिला दहापटीहून जास्त सूट दिलेली आहे. एवढी सूट असूनही गाडी नापास होत असेल, तर दोष तिच्या वयाचा नाही. काहीतरी बिघडले आहे, आणि बहुतेक वेळा ते दुरुस्त होण्यासारखे असते. एअर फिल्टर धुळीने बुजलेला असतो, प्लग गेलेला असतो, कार्बोरेटरमधून पेट्रोल जास्त जात असते किंवा ऑइल वेळेवर बदललेले नसते. सायलेन्सरमधून न जळता बाहेर पडणारे इंधन आपणच पैसे देऊन भरलेले असते, हेही विसरू नका.

गाडी नापास झाली तर काय, याची भीती अनेकांना असते. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने पीयूसीचा नमुना देशभर एकसारखा केला, तेव्हा नापास गाडीसाठी नाकारल्याची चिठ्ठी देण्याची सोय केली. त्या चिठ्ठीवर कारण लिहिलेले असते. ती मेकॅनिकला दाखवता येते, आणि केंद्राचे यंत्रच बरोबर नाही असे वाटले तर दुसऱ्या केंद्रावर तपासून घेता येते. नापास होणे म्हणजे चलन नव्हे. दवाखान्यात रक्ताचा रिपोर्ट वाईट आला, तर आपण रिपोर्ट बदलून मागत नाही, औषध मागतो. इथेही तसेच आहे.

धूर अंगात जाऊन काय करतो

आमच्या नर्सताईंचे म्हणणे असे की धुराने होणारे आजार लोक धुराच्या नावावर लिहीतच नाहीत. "सर्दी आहे", "ॲलर्जी आहे", "हवा बदलली" असे म्हणून वेळ जातो.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रंगही नसतो. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. हा वायू त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग शरीराला प्राणवायू कमी पडतो. सिग्नलवर दिवस काढणाऱ्या माणसाचे डोके दुखते, गरगरते, थकवा येतो, आणि तो म्हणतो ऊन लागले.

दुसरे म्हणजे बारीक कण. त्यांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान. आपल्या डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. नाकातले केस आणि घशातला चिकटा त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यांतले काही रक्तात उतरतात. दमा उसळतो, फुप्फुसे कमजोर होतात, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाचे वजन कमी भरण्याशीही या कणांचा संबंध आहे. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये स्पष्टपणे जाहीर केले. पीएम २.५ वर्षाच्या सरासरीने हवेच्या एका घनमीटरमध्ये ५ मायक्रोग्रॅमच्या वर असू नये, असे जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. आपली मर्यादा पाळली गेली, तरी ती त्या शिफारशीच्या आठपट राहते.

मोठ्या वाहत्या रस्त्याच्या धुराचा परिणाम साधारण तीनशे ते पाचशे मीटरपर्यंत सर्वांत जास्त असतो, असे अभ्यासक सांगतात. आपल्या वस्त्या कुठे आहेत ते आठवा. महामार्गाच्या कडेला, पुलाच्या खाली, नाक्याच्या मागे, डेपोच्या भिंतीला लागून. चांगल्या जागा आपल्या वाट्याला आल्या नाहीत, म्हणून आपली घरे या पट्ट्यात उभी राहिली. त्यात लहान मूल आपल्यापेक्षा भरभर श्वास घेते, त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात, आणि उंचीने ते सायलेन्सरच्या जवळ असते. रिक्षा चालवणारा तर दहा-बारा तास उघड्यावर बसून पुढच्या गाडीचा धूर घेतो. धुराची पहिली झळ त्याला स्वतःला बसते. आमच्या सहकाऱ्याला हे पटायला वेळ लागला, पण पटले.

अशीच रस्त्याकडेची एक मुलगी लंडनमध्ये होती. एला किस्सी-डेब्रा तिचे नाव. कृष्णवर्णीय घरातली. तिचे घर वाहनांनी भरलेल्या साउथ सर्क्युलर रस्त्यापासून तीस मीटरच्या आत होते. तिला भयंकर दमा झाला, तीन वर्षांत जवळपास तीस वेळा रुग्णालयात न्यावे लागले, आणि २०१३ मध्ये वयाच्या नवव्या वर्षी ती गेली. तिच्या आईने वर्षानुवर्षे झगडून मृत्यूची चौकशी पुन्हा उघडायला लावली. डिसेंबर २०२० मध्ये चौकशी अधिकाऱ्याने निकाल दिला की हवेतल्या प्रदूषणाचा तिच्या मृत्यूला हातभार लागला. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. प्रदूषणाचा धोका आईला कुणी सांगितलाच नव्हता. सांगितला असता, तर तिने काही पावले उचलली असती, आणि कदाचित मुलगी वाचली असती.

हे वाचून आम्ही गप्प झालो. पंप देताना आपल्या गल्लीतल्या आजीला तरी धुराबद्दल कुणी काय सांगितले होते?

खोटा कागद सगळ्यांनाच फसवतो

पीयूसीचा बाजार केवळ आपल्या नाक्यावर भरतो असे नाही. दिल्लीच्या वाहन प्रदूषणावरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. एक लाखाहून अधिक गाड्यांना, मोजलेले आकडे मर्यादेच्या वर असूनही, प्रमाणपत्र दिल्याचे त्यात निघाले. हजारो प्रमाणपत्रे तर एका मिनिटाच्या आत दिलेली होती. ही देशाची राजधानी, जिथे हवेवरून दर हिवाळ्यात कोर्टकचेऱ्या होतात.

सरकारने आजवर बहुतेक उपाय केले ते कागद मागण्याचे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की पीयूसी नसेल तर विम्याचे नूतनीकरण करू नये. हेतू चांगला होता. पण झाले असे की पुष्कळ गाड्या विम्याशिवायच धावू लागल्या, आणि अपघातात सापडलेल्या माणसाला भरपाई मिळणे अवघड झाले. २०२४ मध्ये न्यायालयाने ती अट काढली. आता 'पीयूसी नाही तर पेट्रोल नाही' अशी भाषा ऐकू येते. आमचा त्याला सरसकट विरोध नाही. पण केंद्रात नळी आत जाते की नाही हे कुणी पाहणार नसेल, तर या नियमाने हवा साफ होणार नाही, खोट्या कागदाचा भाव तेवढा वाढेल. आणि तो भाव रिक्षावाला आणि डिलिव्हरीचा पोरगा देईल.

नियम खरोखर राबवला तर फरक पडतो, हेही आपण पाहिलेले आहे. पेट्रोलमध्ये पूर्वी शिसे घालत. ते मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. सन २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि ते विष रस्त्यावरच्या धुरातून गेले. मुंबईत धुराविरुद्ध नागरिक उच्च न्यायालयात गेले, आणि त्यानंतरच्या वर्षांत जुन्या टॅक्सी आणि रिक्षा सीएनजीवर आल्या. त्या काळात कर्ज काढून किट बसवणारे चालक आपल्या वस्त्यांतही होते. म्हणजे कष्टकरी माणूस नियम पाळत नाही, हे म्हणणे खरे नाही. नियम खरा असला आणि सगळ्यांना सारखा लागला, तर तो पदरमोड करूनही पाळतो.

'पण डंपरचं काय?'

स्टँडवर हा विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो. "आमच्या रिक्षानं किती धूर होतो? तो सिमेंटचा मिक्सर बघा, पाण्याचा टँकर बघा, कचऱ्याची गाडी बघा. त्यांना कोण अडवतो?" प्रश्न अगदी रास्त आहे. एक जुना डिझेल डंपर काळे लोट सोडत वस्तीतून जातो, तेव्हा सीएनजी रिक्षाचा धूर त्यापुढे काहीच नसतो. शिवाय आजची पीयूसी बारीक कणांचे वजन मोजत नाही, नायट्रोजनचे विषारी वायूही मोजत नाही. ही तपासणी आधीच अपुरी आहे.

पण नियम ११५ डंपरलाही लागू आहे, महापालिकेच्या गाडीलाही आणि साहेबांच्या गाडीलाही. नियम ११६ प्रमाणे उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी, तसेच मोटार वाहन निरीक्षक, धूर सोडणारी गाडी तपासणीला पाठवू शकतो. त्यासाठी आपल्याला तक्रार करावी लागेल, आणि तक्रार करणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीचा कागद खोटा असेल तर त्याचा आवाज बसलेला असतो. आम्हाला हा अनुभव आला आहे. मागे वस्तीतून जाणाऱ्या टँकरची तक्रार घेऊन आमच्यातले दोघे एका कार्यालयात गेले. समोरच्या माणसाने विचारले, "तुमची गाडी कुठं आहे? पीयूसी दाखवा." दोघे परत आले.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पीयूसी केंद्रांची अचानक तपासणी व्हावी आणि यंत्रे वेळोवेळी प्रमाणित झाली आहेत की नाही, हे बाहेर फलकावर लिहावे. ठेकेदाराच्या डंपर, मिक्सर आणि टँकरला कामाचे पैसे देण्याआधी महापालिकेने त्यांची पीयूसी पाहावी. शाळा, अंगणवाडी आणि दवाखान्यासमोर इंजिन चालू ठेवून उभे राहायला बंदी असावी. आणि रिक्षा-टेम्पोवाल्याची गाडी नापास झाली, तर लगेच चलन न फाडता दुरुस्तीला काही दिवस द्यावेत, दुरुस्तीसाठी कमी व्याजाचे कर्ज मिळावे. दिवसाचा धंदा बुडवून गाडी गॅरेजला लावणे किती कठीण असते, हे खुर्चीत बसून कळत नाही.

आपण आजपासून काय करायचे

पीयूसी काढायला गाडी घेऊन जा. फोटो पाठवू नका, पोराच्या हाती नंबर देऊ नका. पाच-दहा मिनिटे चालवून इंजिन गरम करून न्या. नळी सायलेन्सरमध्ये आत घालताना स्वतः उभे राहून पाहा. घातली नाही तर "दादा, नळी घाला, खरी तपासणी करा," असे सरळ म्हणा. प्रमाणपत्रावर मोजलेला आकडा आणि मर्यादा शेजारी शेजारी छापलेली असते. ती वाचा. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलीकडून वाचून घ्या. क्यूआर कोड स्कॅन करून प्रमाणपत्र खरे आहे का तेही पाहता येते.

धुराचा रंग ओळखायला शिका. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे, रिंग-पिस्टन किंवा व्हॉल्व्ह सील पाहून घ्या. सीएनजी रिक्षातून निळा धूर येत असेल तर हेच कारण असते. डिझेलचा काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही, एअर फिल्टर आणि इंजेक्टर तपासा. सकाळी थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर ती वाफ असते. थांबलाच नाही तर मेकॅनिकला दाखवा.

सकाळी गाडी सुरू करण्याआधी ढकलत गल्लीबाहेर न्या आणि सायलेन्सर कुणाच्या दाराकडे ठेवू नका. इंजिन गरम व्हायला अर्धे-एक मिनिट पुरते. सिग्नलवर अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचे असेल तर बंद करा. चैत्यभूमीला किंवा दीक्षाभूमीला जाताना वस्तीतून टेम्पो आणि बस ठरवतो, तेव्हा ठरवणाऱ्याने भाड्याबरोबर पीयूसीही विचारावी. माणसे चढेपर्यंत तास तास इंजिन चालू ठेवू देऊ नये.

घरात दम्याचे मूल असेल तर सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी त्याला रस्त्याकडेला खेळायला पाठवू नका. पंपाची सवय लागते ही समजूत चुकीची आहे. डॉक्टरांनी सांगितला तसा तो द्या, लहान मुलाला स्पेसर लावून द्या. तोंडावर बांधलेला रुमाल धूळ अडवतो, बारीक कण अडवत नाही. त्यासाठी नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो. आणि कुणालाही दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तो धुरावर ढकलू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते, ती करून घ्या. क्षयरोग लवकर कळला तर पूर्ण बरा होतो.

आमच्या रिक्षावाल्या सहकाऱ्याने गेल्या महिन्यात खरी पीयूसी करून घेतली. गाडी नापास झाली. त्याने नाकारल्याची चिठ्ठी मागितली, तेव्हा केंद्रातला मुलगा त्याच्याकडे बघतच राहिला. चिठ्ठी कुणी मागतच नाही, म्हणाला. मेकॅनिकने एअर फिल्टर आणि प्लग बदलले, गॅसचे ट्यूनिंग केले. बाराशे रुपये आणि एका दिवसाचा धंदा गेला. दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली. आता तो म्हणतो की गॅसही थोडा जास्त पुरतो. तो सकाळी रिक्षा ढकलत नाक्यापर्यंत नेतो आणि तिथे चालू करतो. आजीच्या नातवाचा खोकला गेला असे आम्ही म्हणणार नाही. महामार्ग तिथेच आहे आणि टँकर तिथूनच जातात. पण सहा वाजता ती आता दार लावायला उठत नाही.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहाराच्या पटांगणात दोन मेकॅनिकना बोलावले आहे. गाडी घेऊन या. फिल्टर, प्लग आणि ऑइल पाहून घेऊ, ज्यांच्या पीयूसीची तारीख संपली आहे त्यांची यादी करू आणि एकत्र केंद्रावर जाऊ. वीस जण मिळून गेल्यावर नळी आत घालायला कुणी नाही म्हणणार नाही. त्यानंतर टँकरची तक्रार घेऊन त्याच कार्यालयात पुन्हा जायचे आहे. या वेळी कुणी पीयूसी विचारली, तर ती दाखवायला आम्ही तयार असू.